मागून हात लावायचा न्हाई

शाळेच्या हॉलमध्ये सिरसट मॅडमची शोकसभा झाली, तेव्हा इथले पुढारी आप्पा यांच्या संस्थेचे व्यवस्थापक माईक हातात घेऊन म्हणाले, "मॅडमना अगदी लहान लेकरासारखी खेळण्यांची आवड होती." समोरच्या लोकांनी गंभीर चेहऱ्याने माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. माझं डोकं इतकं फिरलं की पुढच्या दोन मिनिटांच्या मौनात त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात जे काही म्हणालो ते इथे छापता येणार नाही. तेव्हा मौन पाळायचं होतं म्हणून पाळलं. आता पाळायचं काही कारण उरलेलं नाही.

खेळणं म्हणे. डब्यांत मोठी माणसं बसवून टेकाड चढणाऱ्या इंजिनाला खेळणं म्हणायचं, मग पुढाऱ्याच्या डोक्यावर फुलं उधळायला भाड्याने आणलेल्या जेसीबीला काय म्हणायचं?

आमचं गाव पाटोद्याहून फार लांब नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावात बाग एकच आहे आणि या हकिकतीतली बहुतेक माणसं मला बाजारात भेटतात. मी शाळेत मराठी शिकवायचो, मॅडम विज्ञान. एका स्टाफरूममध्ये, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आमची सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर घरंही दोन गल्ल्यांच्या अंतरावर आली. मॅडम बुटक्या, रुंद बांध्याच्या, पदर कमरेला खोचलेला. चालताना सरळ चालायच्या. वाटेत कुणी उभं असलं तर तो बाजूला व्हायचा, मॅडम व्हायच्या नाहीत.

त्यांच्या पर्समध्ये भंगारवाले वापरतात तसला वजनाचा हुकाचा काटा असायचा. तो कशासाठी हे मला पहिल्यांदा कळलं ते पावसाळ्यात स्टाफरूमचं दार फुगून बसलं तेव्हा. आम्ही सगळे आळीपाळीने दाराशी झटत होतो. मॅडम आल्या, कडीला काटा अडकवला, ओढला, आकडा वाचला आणि शिपायाला म्हणाल्या, "खालून रंधा मारून घे. दाराला एवढी वढ लागती व्हय?" काटा पुन्हा पर्समध्ये गेला आणि त्या वह्या तपासायला बसल्या.

कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती वढतं?" कुणी नवी मोटारसायकल दाखवायला आणली की तिचा रंग, दिवे, आवाज याकडे त्या ढुंकून बघायच्या नाहीत. भावाच्या मुलीला स्थळ आलं, मुलगा उंच, गोरा, पुण्यात कंपनीत. सगळं घर खूश. मॅडम म्हणाल्या, "दिसायला लई बरा हाय. संसार किती वढंल ते सांगा." ते लग्न झालं नाही आणि भावजय वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही. मॅडमना त्याचं फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

घर्षणाचा धडा त्या कसा शिकवायच्या ते गावात पिढ्यांना पाठ आहे. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा उभा करायचा, पायात मोजे घालायला लावायचे, त्याच्या बाजूच्या फरशीवर पाणी शिंपडायचं. समोर एखादी काटकुळी मुलगी, अनवाणी, कोरड्या फरशीवर. मधे दोर. मुलगी शांतपणे त्या पैलवानाला ओढत दारापर्यंत न्यायची. वर्ग हसून हसून लोळायचा. मग मॅडम फरशी पुसून घ्यायच्या, मुलाच्या पाठीवर चार-पाच दप्तरं लादायच्या आणि पुन्हा ओढायला लावायच्या. आता तो जागचा हलायचा नाही. "जोर त्याच्या अंगात मघाशी बी व्हता," त्या म्हणायच्या, "पर पाय धरीना, मग जोराला काय चाटायचंय? वजन पायावर पायजे अन् भुई कोरडी पायजे." एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे पाहिलं आणि असला प्रकार अभ्यासक्रमात नाही म्हणून शेरा मारला. मॅडमनी साहेबांना दारापर्यंत सोडताना सांगितलं, "सर, जपून जावा. फरशी अजून वली हाय."

हे झालं हसण्याचं. आता दुसरं सांगतो.

मॅडम मूळच्या नांदूरघाटच्या. वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. आंबेडकरी घर, शिक्षणाचं वेड. मॅडम बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आल्या, त्या काळात, बीडला खोली करून, हाताने स्वयंपाक करून. सेवाज्येष्ठतेने त्या शाळेच्या पर्यवेक्षक झाल्या, तेव्हा आमचे त्या वेळचे मुख्याध्यापक भर स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणाले, "ह्यांचं बरं असतं. चढ आला की सरकार मागून ढकलतं." पाच-सहा जण हसले. मॅडमचे गुण त्या हसणाऱ्यांतल्या कुणाहीपेक्षा जास्त होते आणि नोकरीची वर्षंही. मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "सर, माझ्या मागं येऊन उभं राहा अन् बगा," त्या म्हणाल्या, "कोन ढकलायलंय का ते." मुख्याध्यापकांनी बशीत चहा ओतला. विषय संपला, असं त्यांना वाटलं. मॅडमच्या डोक्यातून तो पुढे कधीच गेला नाही, आणि का जावा?

निवृत्त झाल्यावर बायका देवदेव करतात, नातवंडं सांभाळतात. मॅडमनी अंगणात रूळ टाकले. मोबाइलवर त्यांनी कुठल्या तरी परदेशातली म्हातारी माणसं पाहिली होती, आपापल्या बागेत वीतभर रुंदीचे रूळ टाकून छोटी छोटी इंजिनं चालवणारी, त्यावर स्वतः मांडी घालून बसणारी. मी जरा कौतुकाने म्हणालो, किती सुंदर रंगवलंय हो. त्या भडकल्या. "सर, रंग दावत्यात, धूर दावत्यात, शिट्टी वाजवत्यात. किती वढतं ते धा माणसांत एक जन सांगायलाय."

आपलं इंजिन त्यांनी ई-रिक्षाच्या मोटारीवर बांधलं. पत्र्याच्या बसक्या ट्रंकेएवढं, सहा चाकं, सहाही चेनने फिरणारी. चाकं बीडच्या एका लेथवाल्याकडून कातून आणली, त्याच्याशी तीनदा भांडून. आतली मुख्य गोष्ट मात्र आडत बाजारातून आली. व्यापाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक काटे घेतल्यापासून जुनी लोखंडी वजनं दुकानांच्या कोपऱ्यांत गंजत पडली होती. मॅडमनी ती गोळा केली आणि इंजिनाच्या पोटात, बरोबर चाकांच्या वर, ओळीने बसवली. हलकं इंजिन जागेवर चाकं फिरवत बसतं, जड इंजिन रूळ धरतं. मग लिंबाच्या झाडाला काटा बांधायचा, काट्याला इंजिन, आणि इंजिन पुढे सोडायचं. काटा चढत चढत जायचा आणि एका आकड्यावर चाकं घसरायला लागायची. तो आकडा म्हणजे इंजिनाची ओढ. तो वाढला की मॅडमचा दिवस चांगला जायचा, आणि गल्लीतल्या लोकांचाही.

फाटकापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत लाइन होती. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन आत जाऊ लागला की मॅडम ओरडायच्या, "खाली ठिव, डब्यात ठिव." गव्हाचं पोतं, पाण्याचे जार, शेवग्याच्या शेंगांचे भारे, सगळं गाडीतून. त्यांचे यजमान साहेबराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, मितभाषी माणूस. डबल बेल दिल्याशिवाय ते गाडी हलू द्यायचे नाहीत आणि त्यासाठी त्यांनी खिडकीला एक घंटा बांधून घेतली होती. पाहुण्यांनाही डब्यात बसूनच घरात जावं लागायचं. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा गुडघे छातीशी आले होते आणि शेजारची म्हैस माझ्याकडे टक लावून बघत होती. पण गाडी सुटली आणि त्या ट्रंकेएवढ्या वस्तूने मला, दोन पोत्यांना आणि साहेबरावांना अलगद ओढून नेलं, तेव्हा माझं हसू आपोआप थांबलं.

बीडला खरी रेल्वे आली त्या दिवशी आम्ही जीप करून बघायला गेलो. आख्खा जिल्हा ज्या गाडीची वाट बघत म्हातारा झाला ती गाडी झेंडूत बुडून उभी होती. लोक नाचत होते, माझेही डोळे भरून आले. मॅडम गर्दीतून वाट काढत इंजिनापाशी गेल्या, मग शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेल्या, परत आल्या. "एवढं मोठं इंजिन," त्या म्हणाल्या, "अन् डबे बगा कितीसे. आपल्याला वढायला कमीच देत्यात."

त्यानंतर आप्पा त्यांच्या घरी आले. आप्पा म्हणजे आमच्या भागातलं बडं प्रस्थ. शाळा, पतपेढी, मंगल कार्यालय, आणि आता लेकरांसाठी बाग. गावात रेल्वेचं वारं होतं, म्हणून बागेत छोटी गाडी हवी होती. डब्यात बसून यायला त्यांनी नकार दिला, चालत आले.

"मॅडम, तुमचं इंजिन बागंला द्या. तुमच्या नावाची पाटी लावू."

"पाटी नगं. एक अट हाय," मॅडम म्हणाल्या. "मागून हात लावायचा न्हाई. चढ असू द्या, गर्दी असू द्या. इंजिन वढंल तेवढीच गाडी जाईल. न्हाई वढलं, तर मी आपली घरी घेऊन येते."

"हात कोन लावतंय?" आप्पा हसून म्हणाले.

मी तिथे होतो. अट साधी होती, मराठीत होती आणि आप्पांनी ती कानाने ऐकली होती.

पावसाळा संपल्यापासून मॅडम रोज सकाळी बागेत जायच्या. तळं खोदताना निघालेल्या मातीचं एक टेकाड तिथे केलेलं होतं आणि रूळ त्याच्यावरून गेलेच पाहिजेत असा मॅडमचा हट्ट. सपाटीवर काय, कुणीही ओढेल. त्यांनी चढ स्वतः मोजला, वळणावरचे रूळ दोनदा उखडून पुन्हा बसवले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून डब्यांत ठेवली आणि गाडी चढवून बघितली. मी आणि साहेबराव दोघंच साक्षीला. गाडी चढली. मॅडम म्हणाल्या, "बास. आता लेकरं बसू द्या." मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी त्या जेवायला घरी गेल्या, तेवढ्यात बीडचा डेकोरेशनवाला आला. त्याने बुलेट ट्रेनचं फायबरचं लांबलचक नाक आणलं होतं, तसं संस्थेने सांगितलेलंच होतं त्याला. इंजिनात गाणी आणि शिट्टी वाजवायला स्पीकर बसवायचा होता. झाकण उघडलं तर आत जागा नाही, लोखंडी वजनं भरलेली. त्याने ती काढली, स्पीकर बसवला, वरून नाक ठोकलं. कुणाला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही. वजनं उगाच पडून राहायला नकोत म्हणून मांडवातल्या गालिच्याच्या कडांवर ठेवली. दुसऱ्या दिवशी सगळे पाहुणे त्यांना ठेचकाळत व्यासपीठावर गेले.

दुसऱ्या दिवशी मॅडम इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या. ते फायबरचं नाक बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण लेकरं रांगेत उभी होती म्हणून गप्प बसल्या. मग आरतीची ताटं आली. रुळावर नारळ फुटला, पाणी दोन्हीकडे सांडलं. हळदकुंकू झालं. आणि मग, नवी नवरी घरात येताना उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना तेल घालतात ना, तसं एका बाईच्या डोक्यात आलं की गाडी म्हणजे गावात आलेली लक्ष्मी. पाच सुवासिनींनी टेकाडापर्यंत दोन्ही रुळांवर तेलाची धार धरली. श्रद्धेने, हळूहळू, एक वीतसुद्धा न चुकवता.

मॅडम धावत गेल्या. "अवो तेल नगं, रुळावर तेल नगं. चाक घसरतंय."

"शुभ असतंय मॅडम," ताटवाली बाई म्हणाली. "आज कशाला नाट लावता?"

वरून जेसीबीने झेंडूने भरलेलं आख्खं बकेट उलटं केलं. रुळांवर पाकळ्यांचा थर बसला. आता लेकरं बसतील असं मला वाटलं. पण लेकरांना दोरीच्या मागे सरकवलं आणि डब्यांत आप्पा बसले, त्यांचे दोन भाऊ, आणि मंगल कार्यालयातल्या पंगतींवर पोसलेले पाच-सहा कार्यकर्ते. रिकाम्या पोटाचं इंजिन, तेलाचे रूळ, खाली झेंडूचा चिखल आणि मागे हे एवढं वजन. मोटार सुरू झाली. सहाही चाकं जागच्या जागी भिरभिरली. स्पीकरमधून खऱ्या रेल्वेची शिट्टी वाजली. गाडी बोटभरही हलली नाही.

"ढकला रे," आप्पा म्हणाले.

पोरं धावली आणि डब्यांना खांदे लावले. सूत्रसंचालन करणारा माईकवर म्हणाला, "मॅडमच्या गाडीला जरा मागून ढकलावं लागतंय मंडळी." लोक हसले. व्यासपीठावर पहिल्या रांगेत आमचे निवृत्त मुख्याध्यापक बसले होते, सत्काराची शाल पांघरून. ते सगळ्यात जास्त हसले. त्या माईकवाल्या पोराला काही ठाऊक नव्हतं, त्याला मी माफ केलं आहे. शालीतल्या माणसाला सगळं ठाऊक होतं.

"हात काढा," मॅडम ओरडत होत्या. "हात काढा म्हनते ना." गाणं चालू होतं, कुणाला ऐकू जाणार? त्या गाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या. एका कार्यकर्त्याने त्यांचा दंड अदबीने धरून त्यांना बाजूला केलं. "ताई, फोटोत यायलात तुमी," तो म्हणाला.

इथवरही मी समजून घेतलं असतं. कार्यक्रमात गोंधळ होतातच. पण पुढच्या सोमवारी संस्थेने काय केलं, तर दोन माणसं कामावर ठेवली, सुदाम आणि बबन, गाडी ढकलायला. इंजिनात वजनं परत टाकावीत, रूळ पुसावेत, हे गावातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. पुढे बुलेट ट्रेनचं नाक, आत शिट्टी, आणि मागे घामाने निथळणारे दोन बाप्ये. गावातली लेकरं टाळ्या वाजवायची. माझी नात एकदा घरी येऊन म्हणाली, आजोबा, रेल्वे दोन काका ढकलतात. सगळ्यांना हे चालत होतं, याची चीड मला त्या तेलापेक्षा जास्त आहे.

मॅडम आप्पांच्या ऑफिसात गेल्या, मला सोबत घेऊन. आप्पांनी चहा सांगितला.

"पुन्यांदा चाचणी घ्या," मॅडम म्हणाल्या. "तीच मानसं बसवा. तुमी बी बसा. फकस्त इंजिनात वजनं टाकनार अन् रूळ मी पुसनार."

"कार्यक्रम झाला की मॅडम. फोटो निघाले, लेकरं खूश हायत. गाडी चालती का न्हाई? मग कोन वढतंय अन् कोन ढकलतंय, कशाला बगायचं?"

"मला बगायचंय."

"तुमी लई मनाला लावून घेता," आप्पा म्हणाले आणि फोन उचलला.

मॅडमनी चहाला हात लावला नाही. बाहेर पायरीवर थांबून त्या मला म्हणाल्या, "सर, गाव उद्यापासून म्हनंल, सिरसटबाईचं इंजिन ढकलल्याबिगर चालत न्हाई. मी मेले तरी म्हनंल. ह्ये मी ठिवून जानार न्हाई."

वजनं डेकोरेशनवाल्याच्या सामानाबरोबर गेली होती, ती शोधायला आम्ही बीडला त्याच्या गोदामात गेलो. तो माणूस वाईट नव्हता. ताडपत्र्यांखालून एकेक वजन काढून देताना म्हणाला, "मला काय म्हाईत मॅडम, मला वाटलं कुनीतरी उगं लोखंड कोंबलंय." मॅडम त्याच्यावर रागावल्या नाहीत. राग कुठे खर्च करायचा हे त्यांना नीट कळायचं.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मग मला त्यावर परत यावं लागणार नाही. त्यानंतर महिन्याभरात मॅडम गेल्या. सकाळी अंगणात पाणी घालताना पडल्या, बीडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या गेल्यावर कुणी तरी बडा पाहुणा बाग बघायला येणार म्हणून संस्थेने इंजिनावर पुन्हा ते नाक चढवलं, पुन्हा स्पीकर घातला, आणि सुदाम-बबन पुन्हा मागे. आजही तुम्ही आमच्या बागेत आलात तर तेच दिसेल. शोकसभेत खेळण्यांबद्दल बोलणाऱ्या व्यवस्थापकांच्याच सहीने ते झालं. ज्यांना लाज नाही त्यांना मी आणखी काय म्हणू?

पण मी मधली एक सकाळ पाहिली आहे आणि ती कुणाच्या सहीने पुसली जाणार नाही.

सोमवार होता. बाग लोकांना बंद असते, फक्त काम करणारी माणसं. मॅडम रिक्षातून वजनं घेऊन आल्या, मागोमाग मी. आधी त्यांनी पान्याने ते फायबरचं नाक सोडवलं आणि गवतावर टाकलं. स्पीकर काढला. एकेक वजन चाकांवर नेमून बसवलं. मग सोड्याच्या गरम पाण्यात फडकं बुडवून त्या रुळांवर ओणव्या झाल्या. गवत काढणाऱ्या तीन बाया आपणहून मदतीला आल्या. तेलाचा चिकटा निघायला दुपार होत आली. कोरड्या फडक्याने पुसून, चढावर बारीक वाळू भुरभुरवून मॅडम उठल्या तेव्हा त्यांच्या साडीचे गुडघे काळे झाले होते.

"बसा आता," त्या म्हणाल्या. बाया बसल्या, वॉचमन बसला. सुदाम आणि बबन मात्र उभेच.

"मॅडम," सुदाम खाली बघत म्हणाला, "इंजिन वढाया लागलं तर आमी कशाला? आमची रोजी जाईल की."

मी मॅडमकडे बघितलं. हा विचार त्यांच्या मनात आला नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी त्या दोघांकडे नीट पाहिलं.

"गाडीला चालवनारा लागतोय का न्हाई? शेवटच्या डब्यात ब्रेक धरनारा लागतोय का न्हाई?" त्या म्हणाल्या. "बबन, तू हितं माज्या शेजारी बस, दांडा कसा धरायचा बग. सुदाम, तू मागं ब्रेकवर. बैलाचं काम कावून करायलाव तुमी?"

"आप्पा आयकतील का?"

"त्ये मी बगते. आधी बस."

सुदाम शेवटच्या डब्याकडे गेला, कडेला हात फिरवला आणि संकोचत टेकला. एवढे दिवस त्या डब्याला त्याने खांदा लावला होता, पण बसला नव्हता. मला जागा नव्हती. मी टेकाडाच्या पायथ्याशी उभा राहिलो.

गाडी सुटली. शिट्टी नाही, गाणं नाही, फक्त चेनची बारीक करकर. सपाटीवरून ती माझ्या समोरून गेली. बाया एकमेकींना धरून हसत होत्या. मॅडम ताठ बसलेल्या, नजर रुळावर. चढ लागला. इंजिनाला डबे जोडणारी कडी ताणून कडक झाली. रोज जिथे दोघांना जोर लावावा लागायचा त्या वळणावर चाकं किंचित थरथरली, वाळू कचकचली, आणि गाडी मंद झाली. बाया हसायच्या थांबल्या. तेवढ्यात ती ताणलेली कडी एकदम सैल पडून खणकली. शेवटच्या डब्यात बसलेल्या सुदामचे दोन्ही पाय खाली आले होते आणि टाचा मातीत रोवून तो गाडी पुढे रेटत होता, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

मॅडमनी मागे वळून पाहिलं नाही.

"सुदाम," त्या म्हणाल्या, "पाय वर घे."

त्याने पाय वर घेतले. कडी पुन्हा ताणली गेली. गाडी टेकाड चढली आणि पलीकडे उतरून गेली.